जीनोच्या वाटणीची द्राक्षं

लढाईवरून आल्यावर जमिनीच्या कामासाठी खालापूरला कचेरीत गेलो होतो. तिथल्या कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्या आशेनं विचारलं, "इटलीत होतास म्हणे. किती जर्मन मारलेस?"

"एकही नाही. रूळ बसवले, पूल जोडले आणि एक आठवडा द्राक्षं तोडली."

बिचाऱ्यांचा चेहराच उतरला. सरकारनं बोटीनं एवढ्या लांब नेलं ते द्राक्षं तोडायला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. कर्जतजवळ दहिवलीत, आमच्या आळीतही तीच गत. लोक गोष्ट ऐकायला येतात, तोफा कधी फुटतात याची वाट बघत बसतात, आणि माझ्या गोष्टीत निघतात शिड्या, टोपल्या आणि चिकट हात. पण मी तरी काय करू? घर सोडल्यापासून मी मनापासून हसलो, पोटभर जेवलो आणि माणसासारखा झोपलो तो हाच एक आठवडा. शाळेतले गुरुजी म्हणाले, "बाळाराम, सांगून सांगून घसा बसेल तुझा. लिहूनच काढ." म्हणून लिहितो. तोफा हव्या असतील त्यांनी इथंच उठावं, मला राग नाही.

माझ्याच पुलावरून

मी मूळचा कर्जत स्टेशनातला खलाशी. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारायची, आवाजावरून चाक धड आहे की फुटकं ते ओळखायचं, ब्रेक बघायचे, हे माझं काम. त्यामुळं पलटणही मिळाली ती रेल्वेच्या दुरुस्तीची. लढाई संपून चार-पाच महिने झाले होते, सप्टेंबर सरत आला होता, आणि आम्हाला एक आठवड्याची रजा मिळाली. बाकीची पोरं रोमला निघाली. "चल रे, मोठमोठी देवळं आहेत," म्हणाली. मी म्हटलं, "पडक्या भिंती बघून डोळे शिणलेत बाबांनो. मला एखादं उभं झाड दाखवा." आणि एकटाच निघालो.

एकटं जायचं तर रेल्वेच्या माणसाला गाडीची काय फिकीर! उत्तरेकडं जाणारी मालगाडी उभी होती. ड्रायव्हरला माझे काळे हात दाखवले, त्यानं आपले काळे हात दाखवले, झाली ओळख. त्यानं मला इंजिनावर घेतलं, वर पाव आणि कांदाही दिला. कांदा अगदी आपल्यासारखा, पाव मात्र असा की त्यानं खिळा ठोकावा.

पुढं एका नदीवर पूल आला. तो पूल आमच्याच पलटणीनं बांधलेला, त्यातले कितीतरी बोल्ट माझ्या हातचे. मी छाती काढून उभा राहिलो. ड्रायव्हरनं गाडी गोगलगायीसारखी केली, टोपी काढली आणि छातीवर क्रूस काढला.

मला लागलंच ते. म्हटलं, "अहो, हा पूल मी बांधलाय!"

त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि पुन्हा क्रूस काढला.

पूल काही पडला नाही, हे सांगायला नकोच. पलीकडं गेल्यावर आम्ही दोघं इतके हसलो की कोळसा टाकायचा राहिला आणि वाफ उतरली.

चोर सापडला

फाएंत्सा नावाच्या गावाला उतरलो. गाव लढाईत पार मोडलेलं, म्हणून न थांबता डोंगराकडं चालायला लागलो. डोंगर कसले, आपल्याकडचे डोंगर हातानं चेपून बसवले तर होतील तेवढे. पण हिरवे! आणि द्राक्षाचे वेल तिकडं मांडवावर नाहीत, झाडांवर चढवलेले. एक झाड, दुसरं झाड, आणि मधे वेलींची तोरणं. त्या तोरणांना काळीभोर द्राक्षं लोंबत होती.

आता तुम्हीच सांगा, करवंदाच्या जाळीजवळून जाताना तुमचा हात खिशात राहतो का? मी एक घोस तोडला. दुसरा तोडणार तोच मागून आरोळी आली. बघतो तर एक म्हातारा हातात गवत उचलायचं दाताळं घेऊन धावत येतोय. मी घोस पाठीमागं लपवला. रस मात्र कोपरापर्यंत ओघळलेला, लपतोय कुठं.

म्हातारा जवळ आला आणि थबकला. माझा चेहरा बघितला. "इंदियानो?"

हिंदुस्थानी का, असं तो विचारत होता. मी मान हलवली. दाताळं तिथंच टाकून त्यानं माझं मनगट धरलं आणि मला ओढत घराकडं चालवलं. "असुंता! असुंता! इंदियानो!" मला वाटलं, आता झाडाला बांधतात.

घरातून त्याची बायको आली. उंच, हाडकुळी, काळा पोशाख, डोक्याला रुमाल. तिनं चोरीचं विचारलंच नाही. माझे दोन्ही दंड धरले आणि म्हणाली, "जीनोला कुठं बघितलंस?"

आमचं बोलणं अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं हातांनी चालायचं. मी ते सरळ मराठीत घालतो, नाहीतर तुम्हीही वाचताना हात हलवत बसाल. तर गोष्ट अशी. म्हाताऱ्याचं नाव प्रीमो. त्यांचा एकुलता एक मुलगा जीनो आफ्रिकेच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला आणि कैदी म्हणून हिंदुस्थानात गेला. आधी त्याची खुशाली यायची. मग लढाई यांच्याच दारात येऊन बसली, आणि तेव्हापासून काहीच कळेना. तो आहे की नाही हे यांना माहीत नाही, आणि घरदार राहिलं की गेलं हे त्याला माहीत नाही. गेल्या हिवाळ्यात आपल्या पलटणी त्या वाटेनं गेल्या, तेव्हा या बाईनं दिसेल त्या हिंदुस्थानी शिपायाला हाच प्रश्न विचारला होता. शिपाई हसून पुढं गेले.

मला हसू आलं नाही. मी कर्जतच्या स्टेशनात काम केलेला माणूस. एकदा मुंबईला जाऊन आलो की आळीतली म्हातारी हमखास विचारणार, "मुंबयला गेलावतास न्हवं? आमचा बाळू दिसला काय रं?" मुंबई म्हणजे जणू आमच्या नदीवरचा घाट, गेलं की माणूस दिसायलाच हवं. असुंताबाईचा हिंदुस्थान तेवढाच होता.

"नाही बघितला," मी म्हटलं. "देश मोठा आहे आमचा."

"किती मोठा?"

काय सांगू? मी हात पसरले. तिनं माझ्या पसरलेल्या हातांकडं बघितलं आणि म्हणाली, "आत ये. आधी जेव."

कापून ठेवलं, वाळत घातलं

जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचं पिवळं, घट्ट पिठलं. ते ताटात वाढत नाहीत, मोठ्या पाटावर एकदम ओततात. सगळे भोवती बसतात आणि जो तो आपल्या बाजूनं खात खात मधे येतो. आपल्याकडं उष्टं-खरकटं किती! मी आपला कडेनं एकेक बोट लावत होतो. प्रीमो म्हणाला, "घाबरतोस काय? हद्द मोडून ये!" मग मीही काय ते घुसलो. मधोमध मांसाचा तुकडा ठेवलेला असतो, जो आधी पोचेल त्याचा. मी पोचलो. तो कशाचा होता ते मी विचारलं नाही, आणि गुरुजी, हे आमच्या आयेला वाचून दाखवू नका.

दुसऱ्या दिवसापासून तोडणी होती. माणसं कमी, द्राक्षं पिकून फुटायला आलेली. मी म्हटलं, "शेतकऱ्याचा पोर आहे, मला द्या काम." असुंताबाईनं बागेतल्या वरच्या अंगाच्या ओळी दाखवल्या. "या जीनोच्या. लहानपणापासून त्याच तोडतो तो. तो गेल्यापासून मीच तोडते. यंदा तू तोड."

शिडी लावून चढलो. आपली कापणी म्हणजे कंबर मोडून खाली बघायचं. तिथं मान मोडून वर बघायचं. देवानं शेतकऱ्याच्या अंगाचा एक सांधा म्हणून सुखात ठेवलेला नाही! पण हात चालतो आपला. भराभरा घोस कापले आणि कापलेल्या भाताची कडपं घालावी तसे ओळीनं, नीटस, उन्हात जमिनीवर मांडत गेलो. आपल्याकडं भात कापलं की दोन दिवस उन्हात पडायला नको का? मग भारे बांधायचे. मला वाटलं, पीक म्हटलं की रीत एकच.

दुपारी असुंताबाई टोपल्या घेऊन आली. माझी अर्धी ओळ जमिनीवर ऊन खात पडलेली, आणि तिच्यावर गांधीलमाश्यांची जत्रा भरलेली. बाईनं जी किंकाळी मारली, ती खाली प्रीमोच्या बैलांनीसुद्धा ऐकली. ती मला काय काय बोलली ते सगळं कळलं नाही, पण बकरा, गाढव आणि त्यांची देवी मारिया, तिघांचीही नावं आली. मी भात, ऊन, भारे असं हातांनी समजावायला गेलो तर ती जास्तच भडकली, आणि मधेच तिला हसू फुटलं. हसता हसता ती शिडीच्या पायरीवर बसली आणि डोळे पुसायला लागली.

प्रीमो मला हळूच म्हणाला, "फार दिवसांनी हसली. उद्या पण थोडी जमिनीवर घाल."

पुढं तुडवणी. मोठ्या लाकडी पिंपात द्राक्षं ओततात आणि पाय धुऊन आत उतरतात. मी पाय धुतले, पण उतरवेना. आपल्याला चुकून ताटाला पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो, आणि इथं तर खायच्या वस्तूवर नाचायचं. मी वाकलो, द्राक्षांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग उतरलो. प्रीमोनं टोपी काढली, क्रूस काढला आणि तोही उतरला. त्यानंतर जी मजा आली! पोटऱ्यांपर्यंत थंडगार रस, बोटांतून निसटणाऱ्या साली, घसरलो की एकमेकांना धरायचं. रस गोड म्हणजे गोड! आम्ही प्यायलोही भरपूर. ताज्या रसाला नशा नसते म्हणतात. असेना का, मी संध्याकाळी प्रीमोच्या बैलाला मराठीत अभंग म्हणून दाखवला एवढं खरं.

रविवारचा खेळ

रविवारी तोडणी बंद. प्रार्थना झाल्यावर शेजारच्या बागांतली माणसं प्रीमोच्या खळ्यावर जमली. मला म्हणाले, "तुमच्या देशातला खेळ दाखव." मी काठीनं मधे रेघ ओढली आणि हुतुतू शिकवला.

त्यांना हकार येत नाही. आमच्याकडं जसं 'आमी, तुमी' म्हणतात तसं त्यांचं 'उतुतू, उतुतू'. म्हणजे तशी आपलीच माणसं. पण दम म्हणून टिकेना. पलीकडं गेला की गडी हसलाच, हसला की दम गेला. एक दांडगा लोहार तर रेघेवरच हसत बसला, त्याला दोघांनी ओढत नेला. बायका कडेला उभ्या राहून नियम शिकल्या आणि पंचाचं काम न मागता करायला लागल्या. मी मात्र धरायला सापडत नव्हतो. कर्जतकरांची लाज राखली, मंडळी.

मग प्रीमो उठला. साठीचा माणूस, बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "आता मी." सगळे ओरडले. त्यानं छातीत हवा भरली, रेघ ओलांडली आणि उतुतू न म्हणता वेगळंच म्हणायला लागला, "जीनोजीनोजीनोजीनो..."

म्हातारा वाकून, हात पसरून, एका दमात मुलाचं नाव घेत आमच्या अंगावर येत होता. त्याचा चेहरा लाल झाला, आवाज चिरका झाला, पण नाव तुटेना. मी त्याला सहज धरू शकलो असतो. माझे हातच उठले नाहीत. त्यानं माझ्या छातीला हात लावला आणि मागं फिरून रेघेपलीकडं जाऊन बसकण मारली. मग जो गलका झाला! असुंताबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिथंच त्याच्या टकलाचा मुका घेतला. मी तोंड फिरवलं. मला माझी माणसं आठवली, लपवत नाही.

निघायच्या सकाळी जीनोच्या ओळी संपल्या होत्या. असुंताबाई शिडी धरून उभी होती. "तुझ्या गावात रेल्वे आहे ना?" ती म्हणाली. "रेल्वेतून माणसं जातात. तू बघ. सापडला तर सांग, घर उभं आहे, आम्ही दोघं आहोत. एवढंच सांग."

"बघतो," मी म्हटलं. "शोधतो त्याला."

शेकडो कोसांच्या देशात एक माणूस शोधायचा शब्द मी दिला. गाडीत बसल्यावर माझा मलाच राग आला. पण दिला तो दिला.

कर्जत

पुढच्या वर्षी घरी आलो आणि पुन्हा कर्जतला कामावर लागलो. आमच्या आयेला सगळं सांगितलं. लढाईत माझाही बरेच दिवस पत्ता नव्हता, तेव्हा तिनं काय काढलं ते तिचं तिलाच माहीत. तिनं इटली कुठं, किती लांब, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "त्या बाईला सबूद दिलास ना? मंग शोद."

आणि नशीब बघा. बंगलोरकडचे इटालियन कैदी सुटायला लागले, आणि त्यांच्या गाड्या पुण्याहून घाट उतरून मुंबईला बोटीवर जायला लागल्या. घाट उतरलेली गाडी कर्जतला थांबतेच, ब्रेक तपासल्याशिवाय पुढं सुटत नाही. माझ्याच जोडीचा खलाशी सखाराम. लोणावळ्याहून वर्दी आली की तो मला हाक मारायचा आणि आये माझ्या हातात तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून द्यायची. "त्या बाईच्या पोराला दे. गाडीत काय खायला घालतात कुनास ठावं."

पहिल्या गाडीला मी डब्याडब्यापाशी ओरडत गेलो, "जीनो! फाएंत्सा!" कुणीच नाही. पण एकानं खिडकीतून सांगितलं, "फाएंत्साचा उंच जीनो? होता आमच्या छावणीत. मागनं येईल."

होता! म्हणजे आहे! मी प्लॅटफॉर्मवर नाचलो, पण ते कुणाला सांगणार? त्या दिवशीच्या भाकऱ्या आम्ही डब्यात वाटून टाकल्या. पुढच्या गाडीलाही तो नव्हता. स्टेशनात माझी थट्टा सुरू झाली, "बाळारामचा जावई आला का रं?"

मग ती गाडी आली. उन्हाळ्याचे दिवस, ठाकरणी करवंदांच्या पाट्या घेऊन उभ्या. मी ओरडत निघालो. गोऱ्या सार्जंटनं मला मागं ढकललं, मी दुसऱ्या बाजूनं गेलो. सखाराम चाकांवर हातोडी मारत होता. मी म्हटलं, "सखाराम, हळू घे रं!"

"तू शोद," तो म्हणाला. "मना आज एकबी चाक बरं वाटत नाय." आणि तेच तेच चाक पुन्हा वाजवायला लागला.

शेवटून दुसऱ्या डब्यात एक उंच, हाडकुळा माणूस उभा राहिला. असुंताबाईचंच नाक, असुंताबाईचीच हनुवटी. विचारायची गरजच नव्हती. "जीनो?"

तो बघतच राहिला. कर्जतच्या फलाटावरचा खलाशी आपल्याला नावानं हाक मारतोय! मी त्याच्या भाषेत, येईल तसं सांगायला लागलो की तुझ्या बागेतल्या वरच्या ओळी मी तोडल्या. त्यानं गज घट्ट धरले.

"घर?"

"उभं आहे."

"बैल?"

"आहेत. एकाला अभंग येतो."

"बाप?"

"हुतुतू खेळतो." त्याला काय कळलं देव जाणे.

आईचं मात्र विचारेना. मी म्हटलं, "आई आहे. धडधाकट आहे. मला बकरा म्हणाली, गाढव म्हणाली."

जीनोनं गजांवर कपाळ टेकलं. मग वर बघून असा ओरडला की अख्खा डबा उठला. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारायला लागले, कुणी गायला लागला. एका ठाकरणीनं विचारलं, "काय झालं रं त्येला?" मी सांगितलं, त्याची आई सापडली. तिनं पळसाच्या पानात करवंदं भरून गजांतून आत ढकलली आणि पैशाला हात लावू दिला नाही.

सार्जंट ओरडत आला. सखारामचा नाइलाज झाला, शिट्टी झाली. मी घाईघाईनं भाकऱ्यांचं फडकं आत दिलं. जीनोनं चालत्या गाडीत ते सोडलं, एक घास तोडला, चावला. आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, "मम्मा?"

मी मान हलवली. गाडी निघाली. दिसेनासा होईपर्यंत तो हातातली भाकरी हलवत होता.

घरी आलो तर आये दारातच.

"भेटला का रं?"

"भेटला."

तिनं डोळे मिटून हात जोडले. मग लगेच, "बरा हाय ना? भाकर दिलीस?"

"दिली."

"आन् कुनी दिली त्ये सांगितलंस का?"

"नाय. येळच नव्हता."

"अरं मुडद्या! येवडं सगलं बोललास आन् माजं सांगितलं नाय?"

"अगं ऐक तर. सांगायला लागलंच नाय. एक घास खाल्ला आन् त्यानंच विचारलं, तुज्या आयेनं दिली काय म्हून."

आये उंबऱ्यावर बसली.

"मंग घरी जाऊन त्यो तिला सांगंल," ती म्हणाली. "हितं बी येक आय हाय म्हून."

"सांगंल ना."

"हां," आये म्हणाली. "मंग झालं."